पक्षकाराचे कागद, वकिलाचं कपाट

वकिलाच्या फायलीत न्यायालयाच्या फायलीपेक्षा नेहमी जास्त ऐवज असतो. न्यायालयाच्या दप्तरी जातं ते रीतसर दाखल झालेलं: अर्ज, शपथपत्रं, निशाणी क्रमांक पडलेले दस्त, साक्षी, रोजनामा, निकाल. वकिलाकडे या सगळ्याच्या नकला तर असतातच, शिवाय उलटतपासाची टिपणं असतात, विचारायचे ठरवून ऐन वेळी गाळलेले प्रश्न असतात, येतो म्हणून न आलेल्या साक्षीदाराचं म्हणणं असतं, तुरुंगातून आलेली पत्रं असतात आणि फी किती ठरली, किती मिळाली याचा हिशेब असतो. मानवी हक्कांचे खटले चालवणाऱ्याच्या वहीत हा शेवटचा रकाना बहुधा कोराच. जमिनीच्या दाव्यात हा जास्तीचा ऐवज निकाल लागून अपिलाची मुदत संपली की रद्दी होतो. ज्या खटल्यात जाब सरकारला विचारायचा असतो तिथे मात्र उलटं घडतं. न्यायालयाने जे ऐकूनच घेतलं नाही, ते न्यायालयाच्या दप्तरात कुठून सापडणार? सापडलं तर ते वकिलाच्या कपाटात.

या कपाटांचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत तो विचारावाच लागला, कारण तिथे जुन्या कागदांवर नव्या चौकशा उभ्या राहिल्या. म्हणून आढावा तिथूनच घेतलेला बरा.

जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात (सगळे त्याला ‘विट्स’ म्हणतात) विल्यम कलेन ग्रंथालय आहे. तिथल्या ‘हिस्टॉरिकल पेपर्स’ या विभागात वर्णद्वेषी राजवटीतले मोठमोठे खटले खोक्याखोक्यांनी लावून ठेवलेले आहेत. १९५६ ते १९६१ चाललेला देशद्रोहाचा खटला आहे, १९८५ ते १९८९ चा डेल्मसचा खटला आहे, कोठडीत मेलेल्या माणसांच्या चौकशा आहेत. या चौकशांची पद्धत समजून घेतल्याशिवाय त्या कागदांचं मोल कळत नाही. अनैसर्गिक मृत्यू झाला की मॅजिस्ट्रेटसमोर उघड चौकशी व्हायची आणि मृताच्या कुटुंबाचा वकील तिथे पोलिसांची उलटतपासणी घेऊ शकायचा. १९६३ पासून १९९० पर्यंत राजकीय कारणासाठी डांबलेली सत्तरहून अधिक माणसं कोठडीत दगावली. माणूस मारणाऱ्या राजवटीने ही चौकशीची रीत मात्र मोडली नाही. कायद्याने चालणारं राज्य आहोत असं जगाला दाखवायची तिला हौस होती, आणि वकिलांनी नेमकी हीच हौस वापरून घेतली.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा नेता स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत मरण पावला. झटापटीत त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, असं पोलिसांचं म्हणणं. नोव्हेंबरमध्ये प्रिटोरियातल्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये चौकशी भरली; त्या इमारतीचं सरकारने न्यायालय करून टाकलं होतं. कुटुंबाचे सॉलिसिटर होते शुन चेट्टी आणि उभे राहिले होते सिडनी केंट्रिज. बिकोला दिवसरात्र बेड्या घालून ठेवण्याचा अधिकार कुठल्या कायद्याने दिला, असं केंट्रिज यांनी सुरक्षा पोलिसांच्या कर्नल गूसेनना विचारलं. आम्ही कायद्याच्या कलमांखाली काम करत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. केंट्रिज यांनी त्याबद्दल साहेबांचे आभार मानले, कारण आमचंही हेच म्हणणं होतं! मॅजिस्ट्रेट प्रिन्स यांनी काही मिनिटांत निष्कर्ष वाचून दाखवला: कोणावरही ठपका नाही. चेट्टींना १९७९ साली देश सोडावा लागला.

हा निष्कर्ष इतका ठरीव होता की जॉर्ज बिझोस यांनी १९९८ साली या चौकशांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नावच ‘नो वन टू ब्लेम?’ असं ठेवलं. बिझोस मूळचे ग्रीसमधले, युद्धात वडिलांबरोबर निर्वासित म्हणून आलेले. १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेलांच्या बचावाला ते होते; पुढे कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशांत १९७२ मध्ये अहमद तिमोलच्या आणि १९८२ मध्ये नील अ‍ॅगेटच्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले. दोन्हीकडे हरले. माझ्या मते हे वकील वकिली करत होते ती समोरच्या मॅजिस्ट्रेटपेक्षा खाली बसलेल्या लघुलेखकासाठी. निकाल काय लागणार हे ठाऊक असताना एकेका पोलिसाला तास न् तास प्रश्न विचारायचे, ते तो कधीतरी तारीख, वेळ, खोली यांत अडकावा म्हणून. तो अडकला की ते वाक्य टंकलिखित पानावर उतरायचं आणि त्याची एक प्रत वकिलाच्या कचेरीत जायची. आज ना उद्या कोणीतरी ते वाचेल, एवढाच भरवसा.

सरकारी बाजूचं काय झालं तेही नोंदलेलं आहे. सत्तांतराची चाहूल लागल्यावर १९९३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता सेवेने सहा-आठ महिन्यांत ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म नष्ट केल्या. त्यासाठी प्रिटोरियातल्या इस्कॉर पोलाद कारखान्याची भट्टी वापरली. सत्य आणि सलोखा आयोगाने आपल्या अहवालात हे सविस्तर सांगितलं आहे. जे जाळलं नाही ते खासगी हातांत गेलं. रिव्होनिया खटल्याचे सरकारी वकील पर्सी यूटर यांनी खटल्याचे कागद स्वतःकडे ठेवले होते. पुढे त्यांनी ते उद्योगपती हॅरी ओपनहायमर यांना विकले. सरकारी वकिलाने सरकारी खटला विकावा, हा प्रकार आपल्या कचेऱ्यांची सवय असलेल्या वाचकालाही जरा जास्तच वाटेल. त्या मानाने खटल्याचं ध्वनिमुद्रण नशीबवान. ते डिक्टाबेल्ट नावाच्या प्लास्टिकच्या लवचीक पट्ट्यांवर होतं आणि पट्टे वाजवणारी यंत्रं केव्हाच कालबाह्य झाली होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेने ‘आर्किओफोन’ या खास यंत्रावर ते वाजवून डिजिटल केले आणि २०१६ पर्यंत काम पुरं केलं. या खटल्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत २००७ पासून आहे.

तरी वकिलाच्या कपाटाबद्दल फार भाबडं होऊ नये. सगळ्यात महत्त्वाचं तिथेही नसतं. रिव्होनियाच्या वेळी वकील आणि आरोपी तुरुंगात भेटायचे ती खोली पोलीस ऐकताहेत अशी खात्री होती. म्हणून नाजूक मुद्दे चिठ्ठ्यांवर लिहायचे, एकमेकांना दाखवायचे आणि तिथल्या तिथे जाळून टाकायचे. सुरक्षा पोलिसांच्या स्वानपूल नावाच्या अधिकाऱ्याला या चिठ्ठ्यांचा भारी सोस. एकदा आरोपींपैकी गोवन एम्बेकींनी मोठ्या गुपिताचा आव आणून काहीतरी लिहिलं, चिठ्ठी हातोहात फिरली आणि सहआरोपी अहमद कथ्राडा काडी ओढणार तोच स्वानपूल आत घुसला. बंद जागेत कागद पेटवणं धोक्याचं असतं म्हणत चिठ्ठी हिसकावून बाहेर गेला. चिठ्ठीत होतं, स्वानपूल दिसायला किती देखणा आहे, नाही? ही गोष्ट मंडेलांनी सांगितली म्हणून आपल्याला माहीत. बाकीच्या चिठ्ठ्यांची राख झाली, आणि बचावाचे खरे डावपेच त्यांच्यातच होते.

आता अहमद तिमोल. सुरतेजवळच्या खोलवड गावातून आलेल्या कुटुंबातला, रुडेपूर्टला शाळेत शिकवणारा हा तरुण २२ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री नाकाबंदीत पकडला गेला. २७ तारखेला जोहान्सबर्गच्या जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून तो खाली पडून मेला. रॉड्रिग्ज नावाच्या पोलीस कारकुनाने सांगितलं की खोलीत त्या वेळी आपण एकटेच त्याच्याबरोबर होतो आणि त्याने खिडकी उघडून उडी मारली. १९७२ च्या चौकशीत कुटुंबाच्या बाजूने झगडा झाला तो अंगावरच्या जखमांच्या वयावर. खरचटलेलं, काळंनिळं पडलेलं किती दिवसांचं? अटकेच्या आधीचं असेल तर पोलीस सुटले. नंतरचं असेल तर अडकले. शवविच्छेदनाला कुटुंबाच्या वतीने डॉ. जोनाथन ग्लकमन हजर होते. मॅजिस्ट्रेटने आत्महत्या ठरवली.

तिमोलचा भाचा इम्तियाज काजी यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१७ मध्ये ही चौकशी पुन्हा उघडली. न्यायमूर्ती बिली मोथले यांच्यापुढे १९७२ चे कागद आले, शवविच्छेदनाचा अहवाल आला, तिमोलबरोबर पकडला गेलेला आणि छळातून वाचलेला सलीम एसॉप साक्षीला आला. माणूस स्वतः उडी मारतो तेव्हा कुठे पडतो आणि ढकलला जातो तेव्हा कुठे, याचं गणित तज्ज्ञाने मांडलं. खुद्द रॉड्रिग्जही साक्षीला आला. एकाच माणसाच्या ४५ वर्षांच्या अंतरावरच्या दोन साक्षी शेजारी ठेवून तपासता आल्या, कारण पहिली कुठेतरी जपलेली होती. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला: तिमोलने उडी मारली नाही, सुरक्षा पोलिसांनी त्याला खिडकीतून किंवा छतावरून ढकललं. रॉड्रिग्जवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. खटला उभा राहण्याआधीच सप्टेंबर २०२१ मध्ये तो मेला. नील अ‍ॅगेटची चौकशीही पुन्हा उघडली आणि मार्च २०२२ मध्ये तिथेही आत्महत्येचा निष्कर्ष रद्द झाला. बिकोची चौकशी पुन्हा सुरू करण्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. सत्य आयोगाने सोपवलेले खटले सरकारने इतकी वर्षं का चालवले नाहीत, हे तपासायला २०२५ मध्येच निवृत्त न्यायमूर्ती सिसी खांपेपे यांचा आयोग नेमावा लागला. म्हणजे कागद नुसते शिल्लक असणं पुरेसं नाही. ते वाचणारं सरकारही लागतं, आणि लोकशाही आल्यावरही ते लगेच मिळतं असं नाही.

ग्लकमन यांच्या कागदांची गोष्ट मालकीच्या प्रश्नाकडे नेते. कोठडीतल्या मृत्यूंच्या शेकडो फायली या डॉक्टरांनी आपल्याकडे ठेवल्या होत्या आणि १९९२ मध्ये त्यांनीच वर्तमानपत्राला सांगितलं की यातले बहुतेक जण पोलिसांनी मारले अशी आपली खात्री आहे. बिको आणि तिमोल यांच्या शवविच्छेदनाचे अहवाल त्यांनी एका विश्वासू सहकाऱ्याकडे जपायला दिले. २०१४ मध्ये त्या सहकाऱ्याच्या वारसांनी ते लिलावाला काढले! दोन्ही कुटुंबांनी न्यायालयात धाव घेऊन लिलाव थांबवला आणि कागद परत मिळवले. ज्याने जपले त्याचे ते कागद, की ज्याच्या देहाबद्दल आहेत त्याच्या माणसांचे?

वकिलांबाबत भारतीय कायद्याचं उत्तर पुरतं स्पष्ट आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येणार नाही. आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन वकीलपत्र संपल्यावरही संपत नाही. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. गुपित पक्षकाराचं, वकील नुसता राखणदार. तेव्हा एखाद्या नामवंत वकिलाच्या वारसांनी त्याची कपाटं एखाद्या संस्थेला भेट द्यायची म्हटली, तर त्यातला स्वतः वकिलाचा पत्रव्यवहार त्यांना देता येईल. पण बलात्कार झालेल्या बाईचं निवेदन, पोलिसांना फितूर झालेल्या साथीदाराचं नाव, खटल्यात मुद्दाम न मांडलेली कबुली, हे देण्याचा हक्क त्यांना कोणी दिला? चांगली संग्रहालयं यावर वेळेचा उतारा काढतात: अमुक वर्षं खोकं बंद, किंवा पक्षकाराच्या संमतीशिवाय बंद. घाई केली की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. थर्गुड मार्शल यांनी आपले न्यायमूर्तिपदाच्या काळातले कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले होते. जानेवारी १९९३ मध्ये ते वारले आणि काही महिन्यांत कागद अभ्यासकांना खुले झाल्यावर सर्वोच्च न्यायालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गहजब केला. तो वाद न्यायमूर्तींच्या अब्रूचा होता. गरीब पक्षकारांचे कागद उघडे पडले तर गहजब करायला कोणी येत नाही, म्हणून तिथे जास्त जपायला हवं.

जपणं म्हणजे नेमकं काय, हे चिलीत शिकावं. लष्करी सत्तेच्या काळात सांतियागोच्या कॅथलिक चर्चने १९७६ मध्ये ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था काढली. तिचे वकील बेपत्ता झालेल्यांसाठी बंदी प्रत्यक्षीकरणासारखे अर्ज करत राहिले. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत असे सुमारे ५,४०० अर्ज झाले आणि न्यायालयांनी त्यातले जेमतेम दहा मान्य केले, असं सांगतात. वकिली म्हणून पाहिलं तर दिवाळंच. पण प्रत्येक बेपत्ता माणसाच्या नावे एक फाईल तयार झाली: कधी नेलं, कोणी पाहिलं, कुठली गाडी होती, आणि अर्जावर न्यायालयाचा आवक-शिक्का. आम्हाला कळवलंच नव्हतं, असं म्हणायची सोय त्या शिक्क्याने कायमची बंद केली. लष्करी सरकारी वकिलाने संस्थेच्या वैद्यकीय फायली मागितल्या तेव्हा बिशप सर्जिओ व्हालेच यांनी त्या द्यायला साफ नकार दिला. संस्थेचा एक डॉक्टर आणि एक वकील तुरुंगात गेले होते, तरी कपाट उघडलं नाही. लोकशाही आल्यावर रेटिग आयोगाने १९९०-९१ मध्ये काम केलं ते मुख्यतः याच फायलींच्या जोरावर. मारेकऱ्यांना न दिलेले कागद आयोगाला दिले, यात विसंगती नाही. दोन्ही वेळा पक्षकाराचं हित तेच होतं.

मराठी माणसाला जुन्या कागदांची कदर नाही असं कोणी म्हणू नये. राजवाड्यांनी वाड्यांचे माळे धुंडाळून दप्तरं गोळा केली, पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल आजही बांधलेले आहेत. पण ही कदर मोडीपाशी थांबते. १९७६ सालची स्थानबद्धतेविरुद्धची याचिका, टंकयंत्राच्या कार्बन प्रतीवर, एखाद्या जिल्ह्याच्या वकिलाच्या माळ्यावर असेल तर ती इतिहासाचं साधन आहे असं त्याच्या नातवाला वाटत नाही. दिवाळीच्या सफाईत ती किलोवर जाते. न्यायालयाच्या प्रतीचा भरवसा धरावा तर १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आहेच. त्याखालच्या नियमांनी कागदांची वर्गवारी होते आणि कमी महत्त्वाच्या ठरलेल्या वर्गाची मुदत सरली की तो नष्ट करता येतो. महत्त्व ठरतं ते हक्क आणि मालमत्तेच्या हिशेबाने. उद्याच्या अभ्यासकाला काय लागेल, हा त्यात निकषच नाही.

याला मोठा अपवाद महाडचा. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अटकाव करण्यासाठी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात दावा पडला. पहिले प्रतिवादी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वतः बॅरिस्टर. महाड, ठाणे करत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. म्हणजे हा खटला कोणत्या तत्त्वावर जिंकला? रूढीच्या वयावर! समतेचं तत्त्व सत्याग्रहाच्या भाषणांत सापडतं, वकिलीचा कस मात्र खटल्याच्या कागदांत: महाड नगरपालिकेचे ठराव, तळ्याच्या मालकीचा वाद, पाणी कोण कधीपासून भरतं याच्या साक्षी. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय बाबासाहेबांतला वकील दिसत नाही. आणि त्याच बाबासाहेबांचे दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरातले कागद १९६७ मध्ये घर रिकामं करताना बाहेर काढले गेले आणि पावसात भिजले. उरले ते पुढे शासनाच्या खंडांत वसंत मून यांच्या संपादनाखाली छापले गेले, म्हणून आपल्यापर्यंत आले.

अलीकडे कागदांना नवा धोका आहे तो जप्तीचा. एप्रिल २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घराची झडती घेतली, जूनमध्ये त्यांना अटक केली. जप्त संगणकाच्या प्रतीचा अभ्यास करून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं की बाहेरून शिरकाव करून त्यात फायली घातल्या गेल्या होत्या; तपास यंत्रणेला हे मान्य नाही. तो वाद न्यायालयात मिटेल तेव्हा मिटेल. पण वकिलाचा संगणक म्हणजे त्याच्या सगळ्या पक्षकारांचं कपाट. एका गुन्ह्यात तो उचलला की ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही अशांच्या फायलीही सरकारच्या, म्हणजे त्यांच्याच प्रतिपक्षाच्या, हाती जातात. कागदी फाईल निदान एकेक करून पंचनाम्यात नोंदवावी लागायची.

ई-न्यायालयाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि जुनं रेकॉर्ड डिजिटल करणं हा त्यातला मोठा भाग आहे. स्वागतच आहे. पण स्कॅन होणार ते न्यायालयात दाखल झालेलं.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल दिला. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे बेपत्ता होते १६८. त्यातल्या १०८ जणांच्या वारसांचा पत्ताच न लागल्याने भरपाई पोचली नव्हती. शिवाय ९७ फौजदारी प्रकरणं सुप्त फायलींत पडून होती. त्यांचा तपशील उच्च न्यायालयाला द्या, असा आदेश झाला. तीस वर्षांत चाळ पडली, झोपडपट्टी उठली, माणसं मुंब्र्याला नाहीतर गावी गेली. पोलिसांच्या कागदावर जुनाच पत्ता. नवे पत्ते, शेजाऱ्याचा फोन, गावाकडच्या मामाचं नाव हे सगळं अशा प्रकरणांत लिहिलेलं असतं ते कुटुंबाच्या वकिलाच्या किंवा त्याच्या कारकुनाच्या वहीत. संग्रहालयात गेली तर अभ्यासकाच्या हाती देण्याआधी त्या वहीतले नेमके हेच रकाने झाकावे लागतील, आणि भरपाई पोचवायची तर नेमके हेच उघडावे लागतील. दोन्ही कामं करणारा माणूस आज ना न्यायालयाच्या आस्थापनेवर आहे, ना बार असोसिएशनच्या.